माझं मी

गेल्या वैशाखात एका सकाळी माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती अजून मनातून जात नाही. नात्यातल्या एका लग्नाला निघायचे होते, खाली रिक्षा येऊन उभी होती, मुहूर्त साडेअकराचा होता आणि आई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून ब्लाउजचे हुक लावत होती. तिचे वय ८४. उजव्या अंगठ्याचे पेर संधिवाताने सुजलेले असते, त्यामुळे हुक चिमटीत धरला तरी तो समोरच्या दोऱ्याच्या कडीत जाईपर्यंत चिमूट सुटते. पहिला हुक लागला होता. दुसरा चुकून तिसऱ्याच्या कडीत गेला, तो तिने काढला, पुन्हा धरला. मी दारातून दोनदा पाहून गेले. तिसऱ्यांदा आत शिरले, तिचा हात बाजूला केला आणि उरलेले चारही हुक पटापट लावून टाकले. आई माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाली, "माझं मी लावत होते."

त्याच सकाळी, तासाभरापूर्वी, माझ्या अडीच वर्षांच्या नातीने दारात फतकल मारून स्वतःचे सँडल घातले होते. "माझी मी, माझी मी" असा घोष चालला होता. डावा सँडल उजव्या पायात गेला, निघाला, परत त्याच पायात गेला. या सगळ्याला दहा मिनिटे लागली आणि ती दहा मिनिटे आम्ही सारे जण, त्यात मीही, तिच्याभोवती कौतुकाने उभे होतो. शेवटी आम्ही टाळ्याही वाजवल्या. नातीला दहा मिनिटे देणाऱ्या मला आईला दोन मिनिटे देता आली नाहीत. लग्नात आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन दिवसभर एका खुर्चीवर बसून राहिली. जेवतानाही तिने पदर सैल केला नाही.

मला हे अधिक लागण्याचे कारण असे, की या विषयात मी अडाणी नव्हते. सत्तावीस वर्षे मी एका अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवले. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी सांगितलेल्या मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था दरवर्षी फळ्यावर लिहून दिल्या. डावीकडे वय, मध्ये त्या वयाचा झगडा आणि उजवीकडे तो झगडा बऱ्यापैकी निभावला तर पदरी पडणारे बळ, असा तो तक्ता असे. तान्ह्या वयात विश्वास की अविश्वास, आणि त्यातून आशा. दुडदुडत्या वयात स्वायत्तता की लज्जा आणि शंका, आणि त्यातून इच्छाशक्ती. खेळत्या वयात पुढाकार की अपराधभाव. शाळेच्या वयात उद्यम की न्यूनगंड. किशोरवयात स्वतःची ओळख की भूमिकांचा गोंधळ. तारुण्यात जवळीक की एकाकीपणा. मध्यमवयात पुढच्यांसाठी झटणे की साचून राहणे. आणि अखेरीस आयुष्याचा समग्र स्वीकार की निराशा. छात्राध्यापिका हा तक्ता पट्टीने रेघा मारून वहीत उतरवून घेत. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येई. शिकवता शिकवता माझ्याही मनात त्या तक्त्याचा एक जिना झाला होता: एक पायरी चढली, की ती खाली राहिली, आणि मागे वळून तिच्यावर पाय ठेवण्याचे कारण उरले नाही.

मूळ आराखडा असा नाहीच. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात एरिक्सन यांनी तो बुद्धिबळाच्या पटासारखा मांडला आहे. आठ ओळी, आठ स्तंभ, चौसष्ट घरे. आठ झगडे त्यांनी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या तिरक्या रेषेत लिहिले आणि बाकीची छप्पन्न घरे रिकामी ठेवली. ही रिकामी घरे म्हणजे छपाईची हौस नव्हती. प्रत्येक झगड्याची ऐन ऋतूची अशी एक वेळ असते, परंतु तो त्यापूर्वीही कोणत्या तरी रूपात असतो आणि त्यानंतरही असतो, असे त्यांना म्हणायचे होते. आम्ही पाठ्यपुस्तकवाल्यांनी त्या पटावरची तिरकी रेघ तेवढी उचलली, ती उभी केली आणि रिकामी घरे पुसून टाकली. आठव्या ओळीतले दुसरे घर, म्हणजे म्हातारपणातली स्वायत्तता आणि म्हातारपणातली लाज, हे मी एकदाही कोणाला समजावून सांगितले नाही. त्या सकाळी ते घर माझ्या डोळ्यांपुढे पलंगाच्या कडेवर बसलेले होते.

या दुसऱ्या झगड्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्याकडे तो फार स्वस्तात उरकला जातो. मूल चालू लागते, शीशूचा ताबा येऊ लागतो, 'नाही' हा शब्द सापडतो आणि हातात धरणे व हातातून सोडणे या दोन्ही गोष्टी आपल्या मर्जीने करता येतात याचा शोध लागतो. वाटी खाली टाकणे, उचलून दिली की पुन्हा टाकणे, घास स्वतःच्या हाताने भरवून घेताना निम्मा अंगावर सांडणे, हे सगळे त्या शोधाचेच प्रयोग असतात. या वयात मोठ्यांनी घाई केली, हसले, रागावले, तर मुलाच्या मनात दोन गोष्टी घर करतात. एक लाज आणि दुसरी शंका. लाजेचा संबंध एरिक्सन पाहिले जाण्याशी जोडतात. लाजलेल्या माणसाला जगाचे डोळे मिटून टाकावेसे वाटतात; ते जमत नाही, म्हणून तो स्वतःच दिसेनासा होऊ पाहतो. मूल उघडे धावले, चड्डी ओली झाली, की आपल्याकडे घरोघरी 'शेम शेम' म्हणून बोट दाखवले जाते. कोणाच्याही मनात वाईट नसते. पण मी अशी दीड-दोन वर्षांची मुले पाहिली आहेत, जी ते शब्द ऐकताच दोन्ही हातांनी स्वतःचेच डोळे झाकून घेतात.

पदरात गुरफटून खुर्चीवर बसलेल्या आईला पाहताना मला त्या मुलांची आठवण झाली. आणि तरीही तिला त्या मुलांसारखे म्हणायला माझे मन तयार होत नाही, त्याविषयी पुढे लिहिते.

आमच्या विद्यालयाला जोडलेल्या बालवाडीत लाकडी चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीवर कापडाच्या दोन झडपा ताणून बसवलेल्या. एकीवर मोठ्या गुंड्या, एकीवर टिचबटणे, एकीवर हुक, एकीवर नाड्या, एकीवर बक्कल. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉंटेसरी यांच्या साधनांपैकी हे एक. अंगावरचे कपडे घालताना हनुवटी छातीला टेकवून खाली पाहावे लागते, काही दिसत नाही आणि शाळेची घाई असते. म्हणून मुलाने तेच काम समोर ठेवून, वेळ घेऊन, हवे तितक्या वेळा करावे, अशी ती सोय. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी, या दोघींनी परदेशी महागड्या साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले, खडे आणि पाने आणली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फलकावर वाचताना त्यामागे या दोन बायकांचे आयुष्य आहे, हे मला दर वेळी आठवते. आणि एरिक्सन यांच्याकडे विद्यापीठाची एकही पदवी नव्हती, तरी मॉंटेसरी पद्धतीचे प्रशिक्षण त्यांनी व्हिएन्नामध्ये रीतसर पूर्ण केले होते, हेही.

त्या चौकटी वापरण्याचा शिक्षिकेसाठी एक नियम होता. एकदा, अगदी सावकाश, न बोलता करून दाखवायचे आणि मग आपले हात मागे घ्यायचे. सराव पाठाच्या वेळी छात्राध्यापिकांना हेच सर्वांत जड जाई. मूल गुंडी चुकीच्या काजात घालू लागले, की त्यांचा हात आपोआप पुढे येई. मी मागच्या बाकावरून खूण करत असे: हात मागे. काही जणींना तर मी हात पाठीमागे एकमेकांत गुंफून उभे राहायला सांगत असे. इतकी वर्षे दुसऱ्यांना दिलेली ती खूण त्या सकाळी मला स्वतःला देता आली नाही.

शाळेच्या वयाविषयी फार लिहीत नाही. आमच्या वर्गात एका मुलीला गुरुजी 'ढ' म्हणत, पुढे सगळा वर्ग म्हणू लागला, आणि चाळीस वर्षांनी ती भेटली तेव्हा बँकेची स्लिप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तूच भर, मला नाही जमायचं." ती स्वतःचे किराणा दुकान चालवत होती आणि रोजचा हिशेब तोंडी करत होती. उद्यम की न्यूनगंड, हा झगडा समजायला मला एवढे पुरले.

किशोरवयाचा आणि त्यापुढचा झगडा मात्र माझ्या घरात मोठ्याने झाला. माझ्या मुलाने अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष अर्धवट सोडले आणि तो घरी येऊन बसला. चौदा महिने. सकाळी उशिरा उठणे, रात्री फिरायला जाणे, वह्यांत काहीबाही रेखाटणे, कोणी आले की गच्चीवर जाणे. 'सध्या काय करतो?' हा साधा प्रश्न आम्हाला कोर्टाच्या समन्ससारखा वाटू लागला. मी त्याला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. गंमत म्हणून नव्हे, खेद म्हणून सांगते, की त्याच वर्षी मी वर्गात हीच अवस्था शिकवत होते. एरिक्सन यांचे म्हणणे असे, की समाजाने तरुणाला एक उसंत द्यायला हवी. ज्या काळात तो निरनिराळ्या भूमिका अंगावर घालून पाहील, काढून ठेवील, आणि त्याबद्दल त्याच्याकडून लगेच हिशेब मागितला जाणार नाही.

हे त्यांनी पुस्तकांतून शोधले नव्हते. १९०२ साली जर्मनीतल्या फ्रांकफुर्टला जन्मलेल्या या माणसाला आपला जन्मदाता पिता कोण, हे आयुष्यभर कळले नाही. आई डेन्मार्कची ज्यू. सावत्र वडील कार्ल्सरूहचे बालरोगतज्ज्ञ, आणि तेच खरे वडील असे मुलाला सांगितलेले. उंच, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा हा मुलगा शाळेत ज्यू म्हणून आणि सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, परका म्हणून हिणवला गेला. शाळा संपल्यावर तो डॉक्टर झाला नाही. वह्या आणि रंग घेऊन युरोपभर भटकला. १९२७ साली एका मित्राच्या निरोपावरून व्हिएन्नाच्या एका लहानशा शाळेत शिकवायला गेला, तिथे सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या, बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्याकडे त्याचे मनोविश्लेषण आणि शिक्षण झाले. १९३३ साली तो अमेरिकेला गेला आणि १९३९ साली तिथले नागरिकत्व घेताना त्याने सावत्र वडिलांचे होम्बर्गर हे आडनाव मधल्या अक्षरापुरते ठेवून एरिक्सन हे नवे आडनाव धारण केले. एरिकचा मुलगा एरिक्सन. स्वतःच्या ओळखीचा प्रश्न ज्याने इतका अंगावर वागवला, त्याने तो प्रश्न मानवी आयुष्याच्या मध्यभागी ठेवला, यात मला काही नवल वाटत नाही.

माझा मुलगा पुढे मार्गी लागला. पण त्या चौदा महिन्यांविषयी तो आजही माझ्यापाशी बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

नावावरून आईचे आठवते. तिचे लग्न १९५९ साली झाले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले गेले, माझ्या वडिलांनी अंगठीने त्यात एक नवे नाव लिहिले, आणि त्या दिवसापासून तिचे आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदलले. एरिक्सन यांनी सदतिसाव्या वर्षी स्वतःचे नाव स्वतः निवडले. आईचे नाव तिच्यासमोर, तिला न विचारता, तांदळात उमटले. माहेरचे नाव उरले ते मामांच्या हाकेत आणि भाऊबिजेच्या पत्रांत. मामा गेले, आणि त्या नावाने हाक मारणारे कोणी राहिले नाही. एरिक्सन यांच्या क्रमात आधी ओळख पक्की होते आणि मग जवळीक येते. १९८२ साली कॅरल गिलिगन या अमेरिकन अभ्यासिकेने त्यावर आक्षेप घेतला, की हा क्रम पुरुषाच्या वाटचालीवरून बेतलेला आहे. बाईच्या आयुष्यात या दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि आईच्या पिढीपुरता तो पुरेसा आहे असे वाटत नाही. तिच्याकडे ओळखीचा प्रश्न कोणी आणलाच नाही. तो तिच्या वतीने सुटला, असे सगळ्यांनी धरून चालले.

गेल्या श्रावणात नातीने पणजीला विचारले, "तुझं नाव काय?" आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तिला माहेरचे नाव सांगितले. नात आता तिला सर्वांसमोर त्याच नावाने हाक मारते. आम्ही पहिल्यांदा तिला दटावले, "पणजीआजी म्हणावं." आई म्हणाली, "राहू दे." आठव्या ओळीतले पाचवे घरही रिकामे नव्हते तर.

या आराखड्याचा आपल्या भूमीशी संबंध नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६२ साली एरिक्सन अहमदाबादला एका परिसंवादासाठी आले आणि तिथे १९१८च्या गिरणी कामगारांच्या संपाने व गांधीजींच्या त्या वेळच्या उपोषणाने त्यांना पकडून ठेवले. त्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच अहमदाबादेत अभियांत्रिकी शिकलेल्या आणि अर्थशास्त्राकडे वळलेल्या एका तरुणाची त्यांच्याशी गाठ पडली, आणि तो तरुण, सुधीर कक्कर, मनोविश्लेषक झाला. भारतीय मूल आईच्या निकट सहवासात फार काळ राहते आणि त्याचा 'मी' वेगळा होण्याची वाट निराळी असते, हे कक्करांनी पुढे सविस्तर मांडले. माझा अनुभवही तोच आहे. आपल्या घरांत 'माझं मी' हे वाक्य कधीच एकट्याचे नसते. त्याच्या भोवती चार जण उभे असतात, आणि ते मागे उभे आहेत की पुढे सरसावले आहेत, यावर सगळे अवलंबून असते.

म्हणजे प्रश्न त्या चार जणांचा आहे, आणि त्यांच्यात मी येते. माझे वय ६१. माझी अवस्था सातवी, आणि ती मला दिसली नाही. या बाबतीत खुद्द एरिक्सन दांपत्याची एक आठवण मला धीर देते. एरिक आणि त्यांच्या पत्नी जोन हा आराखडा मांडायला एका व्याख्यानाला निघाले होते. मोटारीने स्टेशनकडे जाताना तो त्यांच्या हातात होता, आणि शेक्सपिअरने सांगितलेल्या माणसाच्या सात वयांशी तो ताडून पाहणे चालले होते. यांच्याकडेही अवस्था सातच होत्या. शेक्सपिअरने मुलाचे खेळण्याचे वय गाळले आहे हे दोघांच्या लक्षात आले. मग आपण तर काही गाळले नाही ना, असा विचार आला, आणि जोन यांना एकदम दिसले, की आपण स्वतःलाच गाळले आहे. चाळिशी उलटलेली, मुले वाढवणारी, पुस्तक लिहिणारी ती दोघे त्यात कुठेच नव्हती. तरुणांच्या जवळिकीनंतर थेट म्हातारपण होते. सातवी अवस्था त्या प्रवासात भरली गेली.

या अवस्थेच्या 'जनरेटिव्हिटी' या नावाला मराठीत मनासारखा शब्द मला सापडलेला नाही. 'उत्पादकता' म्हटले की कारखाना आठवतो, 'सृजनशीलता' म्हटले की कविता. आपल्यामागून येणाऱ्यांची आणि आपल्या ओंजळीत सोपवलेल्यांची काळजी वाहणे, असा तिचा आशय आहे. आणि हे ज्यांनी लिहिले त्यांच्या घरात १९४४ साली डाऊन सिंड्रोम घेऊन एक मुलगा जन्मला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला संस्थेत ठेवले गेले आणि घरातल्या मुलांना तो जन्मतःच गेला असे सांगितले गेले. ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आता मला त्या दोघांविषयी राग येत नाही. काळजी हा शब्द लिहिणाऱ्याला काळजी करता येतेच असे नाही, आणि ती कोठे चुकली हे त्याला आयुष्यभर ठाऊक असते.

उतारवयात एरिक्सन यांनी या 'काळजी'चा विचार करताना तीन संस्कृत शब्द हाताशी घेतले: दम, दान आणि दया. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापती देवांना, माणसांना आणि असुरांना 'द' हे एकच अक्षर सांगतो, आणि प्रत्येक जण त्यातून आपापल्या उणिवेचा अर्थ घेतो, ती कथा आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. दान आणि दया यांचा काळजीशी संबंध चटकन कळतो. दम, म्हणजे स्वतःला आवरणे, हा काळजीचा भाग कसा, याचे कोडे मला फार दिवस होते. ते आईच्या ब्लाउजच्या दुसऱ्या हुकापाशी सुटले. मी तिला दया दिली, माझ्या वेळातली अर्धी मिनिट दान केली, आणि या दोन्हींनी मिळून तिला लाज आणली. हात मागे घेणे तेवढे राहून गेले.

एरिक १९९४ साली वारले. त्यानंतर नव्वदी ओलांडलेल्या जोन यांनी आराखड्याला नववी अवस्था जोडली आणि १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. ऐंशी-नव्वदच्या घरात पहिले आठही झगडे पुन्हा भेटायला येतात, असे त्यांनी लिहिले. परंतु या वेळी पारडे उलटे असते. अविश्वास आधी येतो, कारण स्वतःच्या गुडघ्यांचा भरवसा नसतो. लाज आणि शंका आधी येतात, कारण डॉक्टर, परिचारिका आणि मोठी झालेली मुले सगळे निर्णय आपल्या हातात घेतात. म्हातारी माणसे हट्टी होतात असे आपण म्हणतो. हट्ट हा त्या वेळी उरलेल्या इच्छाशक्तीचा आवाज असतो.

याचाच एक प्रकार आपल्याकडे घरोघरी चालतो. पाहुणा येतो, वाकून नमस्कार करतो आणि चेहरा जवळ नेऊन विचारतो, "ओळखलंत का मला?" आई बरोबर नाव सांगते. मग तो हसून म्हणतो, "नक्की?" आणि ती गडबडते, दुसरेच नाव घेते. सगळे एकमेकांकडे पाहतात. मुलांच्या बाबतीत हे मी वर्गात शिकवले होते. स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात मुलापुढे वस्तूंच्या दोन सारख्या रांगा मांडतात, त्या सारख्या आहेत हे कबूल करून घेतात, मग एक रांग पसरट करून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. आणि पाच वर्षांचे मूल म्हणते, पसरट रांगेत जास्त आहेत. १९७०च्या दशकात एडिंबरोच्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीच रांग मोठ्या माणसाच्या हाताऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाकडून विस्कटून घेतली, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठे माणूस मुद्दाम काही हलवते आणि पुन्हा विचारते, तेव्हा आपले पहिले उत्तर चुकले असणार, असे मुलाला वाटत असावे. आईचेही तसेच होते. तिची स्मृती चुकली की आपला प्रश्न, हे तपासण्याची तसदी आपण घेत नाही. आता आमच्याकडे कोणी आले की मी दारातच त्यांचे नाव मोठ्याने घेते: "आई, सांगलीच्या काकू आल्यात." तेवढ्याने पुढचा अर्धा तास आई स्वतःच्या घरात यजमानीण असते.

आणि म्हणूनच 'म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण' ही आपली आवडती म्हण मी आता वापरत नाही. नातीचा न लागणारा पट्टा हा 'अजून' न लागणारा पट्टा आहे. आईचा न लागणारा हुक हा 'आता' न लागणारा हुक आहे, आणि त्याच्यामागे पासष्ट-सत्तर वर्षे रोज न पाहता लागलेले हजारो हुक आहेत, माझ्या झबल्याच्या नाड्या आणि माझ्या शाळेच्या गणवेशाच्या गुंड्याही आहेत. झगडा तोच असला तरी त्याला सामोरे जाणारे माणूस ते नाही. मुलाला आपण येणाऱ्या दिवसांसाठी वेळ देतो. आईला तो तिच्या गेलेल्या दिवसांच्या मानासाठी द्यायचा असतो, आणि त्याचे पुढे काही फळ येणार नसते. कदाचित म्हणूनच तो देणे जास्त जड जाते.

शिंप्याकडून टिचबटणांचे ब्लाउज शिवून आणावेत असे मी सुचवून पाहिले. आईला ते पटले नाही. मी पुन्हा विचारले नाही.

या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचे होते. रिक्षावाल्याला मी मुद्दाम अर्ध्या तासाने उशिराची वेळ दिली आणि बाहेरच्या खोलीत, तिच्या दाराकडे पाठ करून, पेपर घेऊन बसले. नात तिच्या दाराच्या चौकटीत उकिडवी बसून आत पाहत होती. आतून काहीच आवाज येत नव्हता. एकदा पलंग कुरकुरला. एकदा आई स्वतःशीच पुटपुटली. मी एकच बातमी चार वेळा वाचली, आणि माझे हात पेपरच्या कडा घट्ट धरून होते. बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला. आई बाहेर आली, पदर नेहमीसारखा एकाच खांद्यावर. मधला एक हुक उघडा होता, तो मला दिसला, आणि मी उठून पिशवी घेतली. तेवढ्यात नातीने तिला पाहून जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"टाळ्या कसल्या वाजवतेस?" आई म्हणाली. "चल, चपला घाल."